मागचा आवाज

कॅसेटमध्ये कुकरची शिट्टी आहे.

आधी माणसांचा समुद्र. दूरचा, भरतीचा, अजून किनाऱ्याला न लागलेला. मग पियानोचे चार सूर. मग तुझा आवाज, घासूनपुसून उन्हात ठेवलेल्या पितळी घंगाळासारखा. आणि त्या आवाजाच्या ऐन मध्यावर शनिवार पेठेतला आमचा डाळभाताचा कुकर शिट्टी देतो. एक. थोड्या वेळानं दुसरी. तिसरीच्या आधी आजी म्हणते, ‘दार ओढून घ्या रे, झड येतेय आत.’

दार ओढल्याचा आवाज येतो. कडी जड होती. ती पडल्याचाही येतो.

मग पुन्हा तू.

लाखभर माणसं गातात. त्यांच्यात आमची आजी.

१९८७चा पावसाळा. मी सतरा वर्षांची, दादा एकवीसचा. दादाच्या कॅम्पातल्या पारशी मित्राला त्याच्या लंडनच्या मामानं ‘लाइव्ह मॅजिक’ पाठवली होती. एका रात्रीच्या बोलीवर ती आमच्याकडे आली. दादानं दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले, एक आमचा, एक समोरच्या बिऱ्हाडातून मागून आणलेला. मध्ये वायर नव्हती. एकानं गायचं, दुसऱ्यानं ऐकून लक्षात ठेवायचं. कानाला कान लावून दोन म्हातारे ओट्यावर बसावेत तसे ते दोन डबे संध्याकाळभर बसले होते.

‘कोणी बोलू नका,’ दादानं बजावलं. वाड्यात! सात बिऱ्हाडं, एक नळ, आणि बोलू नका.

म्हणून कुकर आला. आजी आली. पागोळ्या आल्या. पहिल्या बाजूच्या शेवटी, गाणं संपून लोक ओरडत असताना, कोणीतरी नाक ओढतं. ती मी असणार.

पुढे तीच गाणी सीडीवर ऐकली, मोबाइलवर ऐकली, चांगल्या हेडफोनवर ऐकली. इतकी स्वच्छ की त्यात राहायला कोणी उरलेलं नाही.

फ्रेडी, तू उजेडात गायलास.

रॉकचा गवई म्हटला की अंधार हवा. धूर हवा, रंगीत झोत हवेत, अंधारातून उगवणारी आकृती हवी. १३ जुलै १९८५ला यातलं काही नव्हतं. लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम, संध्याकाळचे सहा वाजून एकेचाळीस मिनिटं, तिकडच्या उन्हाळ्यातलं कोवळं राहिलेलं ऊन, आणि पांढरा बनियन घालून, दंडाला खिळ्यांचा पट्टा बांधून धावत आलेला तू. लपायला जागा नाही. सगळं लख्ख. पियानोवर पेप्सीचे कागदी पेले कोणीतरी तसेच ठेवलेले, लग्नाच्या पंगतीनंतर ओट्यावर राहतात तसे.

तिकडे सहा एकेचाळीस म्हणजे पुण्यात रात्रीचे अकरा वाजून अकरा मिनिटं. आषाढाचा वद्य पक्ष. चांदणं नाही.

आणि तू त्या उन्हात पियानोवर बोटं ठेवलीस तेव्हा आमच्या वाड्यात सगळीकडे निजानीज झाली होती, माजघरात आजीची पांढरी गोधडी तेवढी अंधारात दिसत होती, दादाचा हात झोपेत खाटेवरून खाली लोंबत होता, चौकातल्या हौदात वरून थेंब पडत होता आणि त्या थेंबाच्या दोन आवाजांमध्ये मावेल एवढ्याच अंतरावर, पण सात समुद्रांपलीकडे, बहात्तर हजार माणसांनी दोन्ही हात डोक्यावर नेले, टाळी वाजवली, पुन्हा वाजवली, हात पसरले, पुन्हा वर नेले, एखाद्या शेतावरून वारा फिरावा आणि सगळं पीक एकाच बाजूला झुकून पुन्हा उभं राहावं तसं ते हातांचं शेत झुकलं आणि उभं राहिलं, आणि त्या सगळ्या शेताचा धनी असल्यासारखा तू तो पाय नसलेला दांडा हातात धरून कडेपर्यंत धावत गेलास, थांबलास, मान मागे टाकलीस आणि एक सूर असा लांबवलास, असा लांबवलास, की ज्यांनी तो ऐकला त्यांना वाटलं असेल, आता हा परत येणार नाही.

एकवीस मिनिटं.

आम्ही झोपलो होतो.

तो दांडा. मायक्रोफोनचा. सुरुवातीच्या दिवसांत कधीतरी एका कार्यक्रमात तो मधोमध तुटला म्हणतात, आणि खालचा बुडखा टाकून वरचा अर्धा तू हातात ठेवलास, तो कायमचा. पुढे सरळ तसेच करवून घेतलेस. तलवार केलीस त्याची, काठी केलीस, गिटार केलीस. आमच्याकडे तुटलेली वस्तू माळ्यावर जाते.

शब्द नसलेला एक सूर तू गर्दीवर फेकायचास. नुसता स्वर, आकार-ओकाराचा. गर्दी तो झेलून परत द्यायची. मग जरा अवघड. तोही परत. मग एक वळण घेतलेला, अंगात खट्याळपणा असलेला. बहात्तर हजार माणसं अडखळायची, हसायची, तरी द्यायची.

आम्हाला हे नवीन नव्हतं. कीर्तनकार बुवा जयघोषाचं पहिलं टोक फेकतात आणि सगळं देऊळ दुसरं टोक उचलतं. दिवेघाटात माउलींच्या पालखीमागे चालताना एका दिंडीचा सूर पुढच्या दिंडीनं घेतलेला मी ऐकला आहे. फक्त तिथे मध्ये देव असतो. तुझ्या आणि त्यांच्या मध्ये संध्याकाळचं ऊन होतं, बाकी काही नाही.

पुण्याचा कान मात्र निराळ्या वळणाचा. आम्ही सवाईच्या मांडवात शाल पांघरून बसणारी माणसं. रमणबागेच्या मैदानावर डिसेंबरच्या गारठ्यात भीमसेनजींचा षड्ज लागायचा आणि हजारो माणसं श्वास आत घ्यायची, तेवढंच. फार तर हात उचलून एक अस्फुट दाद. टाळी म्हणजे गाणं संपलं. गाणं चालू असताना सगळ्यांनी मिळून वाजवायची टाळी आम्हाला तू शिकवलीस, आणि ती वाजवायला जागा नव्हती. दादा आणि मी वाजवायचो. गच्चीवर. चार हात. आजी खालून विचारायची, कबुतरं उडवताय का?

क्वीन. नाव राणीचं. ब्रायन मे, रॉजर टेलर, जॉन डीकन आणि तू.

१९८६ साली तुम्ही युरोपभर निघालात. ७ जूनला स्टॉकहोमच्या रोसुंडा स्टेडियममध्ये पहिला मुक्काम, ९ ऑगस्टला नेबवर्थच्या माळावर शेवटचा. सव्वीस कार्यक्रम. आमच्याकडे वारीच्या दिवसांत जसं आज सासवड, उद्या जेजुरी म्हणतात, तशी दादा नावं म्हणायचा. न्यूकॅसल. वेम्ब्ली. वेम्ब्ली पुन्हा. मँचेस्टर. बुडापेस्ट. त्यानं यातलं एकही गाव पाहिलं नव्हतं. मीही नाही. नकाशाच्या वहीत त्यानं पेन्सिलीनं टिंबं दिली होती आणि टिंबांना जोडणारी रेघ मारली होती. ती समुद्रातून जाताना पेन्सिल हलकी व्हायची, अस्पष्ट.

बुडापेस्टला तू त्यांचं एक लोकगीत गायलास. वसंतातल्या वाऱ्याचं. भाषा येत नव्हती म्हणून शब्द तळहातावर लिहून आणलेस. ऐंशी हजार माणसांसमोर, जगातला सगळ्यात बेदरकार गवई तळहात वर करून त्यात बघून गातो. शाळेत कॉपी करणाऱ्या पोरासारखा.

ते पोर मला माहीत आहे. ते आमच्या बाजूचं.

स्वारगेटहून गाडी सुटते. कात्रज मागे पडतो, खंबाटकी मागे पडतो, सुरूर फाट्याला ती मुख्य रस्ता सोडते. मग वाई. मग पसरणीचा घाट. डाव्या-उजव्या वळणांवर खाली धोमचं पाणी दिसतं, कधी चांदीचं, कधी शिळ्या चहाच्या रंगाचं. कान बंद होतात. आवंढा गिळला की उघडतात. तेवढ्यात पांचगणी.

घाटाच्या पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. शाहिरांचा जन्म १९२३चा, आणि वेम्ब्ली स्टेडियम उघडलं तेही १९२३ सालीच. काही संबंध नाही. पण एकाच घाटाच्या खालच्या टोकाला तो पहाडी आवाज आणि वरच्या टोकाला तू, हे त्या घाटानं कोणाला सांगितलं नाही, याचं मला दर वेळी हसू येतं आणि मग येत नाही.

१९५५. आठ वर्षांचा फारोख बलसारा. आडनाव वलसाडवरून पडलेलं, जन्म झांझिबारचा, आई-बाप समुद्रापलीकडे. सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात एक लोखंडी खाट. मुंबईकडून वर येणारी मुलं बहुधा पुण्यावरूनच यायची. म्हणून पुणे स्टेशनच्या फलाटावर मी तुला कितीदा तरी उभं केलं आहे. हातात छोटी ट्रंक. वरचे दात ओठांवर आलेले, ते झाकायला वरचा ओठ खाली ओढलेला. ती सवय तुला पुढेही सुटली नाही, लाख माणसांसमोरही नाही. बिचकून बघतोस. कोणी तुला ओळखत नाही. एक बाई कडेवरचं मूल सावरत तुझ्या पुढून जाते. मी तिला उगीचच आमची आजी करते.

शाळेनं तुला फ्रेडी केलं. १९५८ साली पाच पोरांनी मिळून बँड काढला, हेक्टिक्स. चहाच्या खोक्याला दोरी बांधून केलेलं खर्जातलं वाद्य. समोर शाळेतली पोरं, शेजारच्या शाळेतल्या मुली. आणि गाणारा, पुढे उभा राहणारा, तू नव्हतास. पुढे दुसराच मुलगा होता. तू मागे. पियानोवर.

मागे.

कुकरसारखा. आजीसारखा.

१२ जुलै. ही तारीख पुण्यात समजावून सांगावी लागत नाही.

१९६१. पानशेत फुटलं, खडकवासला फुटलं आणि मुठा पेठांमध्ये शिरली. आमच्या वाड्यात पाणी माजघराच्या कोनाड्यापर्यंत चढलं होतं. ओसरल्यावर भिंतीवर रेघ राहिली. तपकिरी, बोटभर रुंद, अगदी सरळ. ओळंबा लावूनही गवंड्याला जमू नये अशी. आजीनं ती कधी रंगवू दिली नाही. दिवाळीला सगळ्या वाड्याला चुना लागायचा, ती भिंत मात्र रेघेपर्यंत पांढरी व्हायची, मग रेघ, मग पुन्हा पांढरी. मी लहान असताना रेघ माझ्या डोक्यावर होती. मग कपाळाशी आली. मग डोळ्यांशी. आणि तिथेच थांबली, कारण मीच थांबले.

त्या वर्षी तू पांचगणीतच होतास. पंधरावं चालू. तुझ्या डोंगराचं पाणी कृष्णेला जातं, मुठेला नाही. ती निराळी खोरी. तरी.

बरोबर पंचवीस वर्षांनी, १२ जुलै १९८६ला, आजीनं नेहमीसारखी समई लवकर लावली. त्या तारखेला ती लवकरच लावायची. काही बोलायची नाही. रेघेकडे एकदा बघायची आणि वात पुढे सारायची. माउलींची पालखी दिवेघाट ओलांडून कधीच पुढे गेली होती, पुणं नेहमीसारखं रिकामं वाटत होतं.

आणि तिकडे वेम्ब्लीत दुसरी रात्र. पिवळं जाकीट. दादाकडे त्याचं एक रंगीत चित्र होतं, मासिकातून कापलेलं. आजीनं चष्मा लावून पाहिलं होतं. जेजुरीला जाऊन आलाय का हा, म्हणाली. भंडाऱ्यानं न्हालेला दिसतो.

उजेडात सुरू झालेला कार्यक्रम अंधारात संपायचा. तिकडे जुलैत नऊ वाजून गेले तरी आभाळ विझत नाही. हळूहळू जाणारा तो उजेड गाण्यांमधूनच जात असेल. पहिल्या गाण्याला सगळ्यांचे चेहरे, मधल्या गाण्याला आकृत्या, शेवटाला नुसते हात. सगळ्यात शेवटी तू डोक्यावर मुकुट ठेवून, खांद्यावर लांबलचक झगा ओढत यायचास, आणि मुकुट काढून वर धरायचास. राणीचं गीत वाजायचं. दिवे.

वेम्ब्लीच्या त्या दोन रात्री. मग मँचेस्टर, मग परगावं. मग नेबवर्थ.

९ ऑगस्ट. स्टेडियम नव्हे, गढीभोवतीचं मोठं हिरवं रान. लाखाच्या वर माणसं. इकडे श्रावण नुकताच लागला होता. त्या रात्री तू मुकुट वर धरलास, सगळ्यांना शुभरात्री म्हणालास, वळलास आणि गेलास.

ही शेवटची, असं कोणी कोणाला सांगितलं नाही.

शेवटच्या गोष्टी सांगून येत नाहीत हे मला तेव्हा कळायचं वय नव्हतं. मला वाटायचं, तू पुढच्या उन्हाळ्यात निघशील. दादा नकाशाची वही काढेल. आपण पेन्सिलीला टोक करून ठेवावं.

टोक करून ठेवलं होतं.

१९९१. त्रिपुरी पौर्णिमा होऊन तीन-चार दिवस झाले होते. ओंकारेश्वरापाशी पणत्या अजून तशाच होत्या. वाती जळून काळ्या, तेल पिऊन माती गडद, काहींत पावसाळी किड्यांचे पंख. २४ नोव्हेंबरच्या रात्री, लंडनमध्ये, आपल्या घरी, तू गेलास. पंचेचाळीस वर्षांचा. बातमी आमच्यापर्यंत यायला दोन दिवस लागले. दादा तेव्हा नोकरीला बाहेरगावी होता. त्यानं पोस्टकार्ड पाठवलं. कार्डावर आठ ओळी त्याच्या तब्येतीच्या, मेसच्या जेवणाच्या, आईला नमस्काराच्या. आणि खाली, पत्त्याच्या रेघेला लागून, बारीक अक्षरात: तो गेला गं.

नाव लिहिलं नव्हतं.

पारशी दस्तुरांनी तुझ्यासाठी प्रार्थना केल्या. मग अग्नी. तुझी राख कुठे ठेवली ते जिला माहीत आहे तिनं कोणाला सांगितलं नाही. स्वित्झर्लंडमध्ये मोंत्रोच्या तळ्याकाठी तुझा पुतळा आहे, मूठ वर केलेला. पुतळे वाजत नाहीत.

पुढच्या एप्रिलमध्ये, १९९२ला, वेम्ब्लीतच तुझ्यासाठी सगळे जमले. पुन्हा बहात्तर हजार. तुझी गाणी दुसऱ्या गळ्यांनी गायली. चांगलेच गायले ते, काही तर फारच चांगले. टाळ्याही तशाच, दोन, हात पसरून दोन. फक्त शेताला धनी नव्हता.

आता जागा मोजते.

रोसुंडा पाडलं. मँचेस्टरचं मेन रोड पाडलं. वेम्ब्लीचे ते दोन पांढरे मनोरे २००३मध्ये जमिनीला मिळाले. आता तिथे नवं वेम्ब्ली आहे, वर एक मोठी कमान, नाव तेच. बुडापेस्टचं स्टेडियमही गेलं, तिथेही नवं. त्या एका उन्हाळ्यात तू जिथे जिथे गायलास त्यांतल्या कितीतरी भिंती आज नाहीत. हवा तिथेच आहे म्हणावं, तर हवा कुठे एका जागी राहते.

नेबवर्थचं रान आहे. रान पाडता येत नाही.

आणि आमचा वाडा. तोही गेला. खाली पार्किंग, वर चार मजले, लिफ्टमध्ये आरसा. पाडायच्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. मजूर भिंतीवर घण घालत होता. पहिला घाव रेघेच्या खाली, दुसरा वर, तिसऱ्याला रेघ मधोमध तडकली आणि मातीचा एक मोठा तुकडा पडला. त्यावर वीतभर रेघ होती. मी तो पिशवीत घालून आणला. पांढऱ्या मातीचा, गवताच्या काड्यांचा. दोन पावसाळ्यांत त्याचा भुगा झाला. त्यातली रेघ कुठली ते मग ओळखू येईना.

आजी त्याच्या आधीच गेली. दादाही आता नाही.

लंडनला २०२३ साली तुझ्या सामानाचा लिलाव झाला. तो मुकुट आणि झगा ६ लाख ३५ हजार पौंडांना गेला. मुकुट खोटा, खड्यांचा, झग्याची लव खोटी. माहीत असून लोकांनी बोली लावली. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. आमचा टेपरेकॉर्डर मी जुन्या बाजारात एका रविवारी दोनशे रुपयांना देऊन टाकला होता, आणि घरी येईपर्यंत तीनदा मागे वळले होते.

परवा स्वारगेटला बससाठी उभी होते. जवळच नेहरू स्टेडियम. कधीकाळी इथे केनियानं वेस्ट इंडीजला हरवलं होतं, विश्वचषकात, १९९६ साली. आता त्या बाजूनं जाताना कोणी मान वळवत नाही. फाटक किलकिलं होतं. आत गेले. पायऱ्या रिकाम्या. ऊन एका स्टँडवरून उतरून दुसऱ्याच्या पायथ्याशी आलेलं. मधोमध एक कुत्रं झोपलेलं. अशी तीन स्टेडियमं भरतील तेवढी माणसं तुला उत्तर द्यायची.

मी एक टाळी वाजवली. मग दुसरी.

समोरच्या पायऱ्यांवरून ती परत आली. जरा उशिरानं. कुत्र्यानं एक कान हलवला.

पांचगणीची गाडी त्या दिवशी मी सोडून दिली.

कॅसेट मात्र आहे. दादाच्या अक्षरातला कागद आत आहे, निळ्या शाईत, ‘मॅजिक’मधला ‘ज’ नेहमीसारखा अर्धवट. इतक्या पावसाळ्यांत फितीला बुरशी धरली. पांढरी, कापसासारखी, खिडकीतून बघितली तर आत कोणीतरी रांगोळी घातली आहे असं वाटावं. लावली की तू घोगरा होतोस, बुडतोस, वर येतोस. टाळ्या पाण्याखालून येतात. एका ठिकाणी तर सगळंच थांबतं, आणि त्या थांबलेल्यात फक्त पागोळ्या.

त्या पागोळ्या ज्या पत्र्यावरून पडत होत्या तो पत्रा नाही. पाऊस पडतो.

तपकीर गल्लीत एक मुलगा आहे, जुन्या फिती साफ करून पेन ड्राइव्हवर घालून देतो. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. वायरींच्या जंजाळात त्याचा चेहरा मोबाइलच्या उजेडानं निळा. त्यानं कॅसेट नखांनी उघडली, दोन्ही चाकं काढली, फीत हातभर ओढून उजेडाशी धरली. उजेड तिच्यातून आला, काळपट तांबडा. मग कापसाच्या बोळ्यानं, स्पिरिट लावून, इंच इंच. मला वाटलं होतं, घाईनं करेल. नाही केलं. त्याला वेळ लागला. मी स्टुलावर बसून राहिले. बाहेर रिक्षा, हातगाड्या, कोणीतरी कोणाला शिव्या देतंय.

आठ दिवसांनी बोलावलं. हेडफोन माझ्याकडे दिला.

समुद्र. मग पियानो. मग तू, घंगाळासारखा, उन्हातला.

‘काकू, एक विचारायचं होतं,’ तो म्हणाला. ‘गाण्याच्या मागे गडबड आहे बरीच. कुकर वाजतोय. कोणीतरी आजी बोलतायत. माझ्याकडे सॉफ्टवेअर आहे, मागचा आवाज सगळा काढता येईल. एकदम क्लीन.’

मी हेडफोन कानावर दाबून धरला. दुसरी शिट्टी झाली होती. तिसरीच्या आधीची जागा आली.

‘नको,’ म्हटलं. ‘तसंच राहू दे.’

चारशे रुपये झाले.